सालासकट तळलेले काप

मित्रांनो, रागावलेली कढई तुम्ही पाहिली नसेल. आता पाहा. मी लोखंडाची आहे, जुनी आहे, बुडाला काळीकुट्ट आणि आतून गुळगुळीत. कढईच्या दोन कड्यांना कान म्हणतात. लोकांना वाटते, ते नुसते धरायला असतात. पण एका स्वयंपाकघरात जे जे बोलले गेले ते सगळे माझ्या कानांवर पडलेले आहे. त्यातली एक गोष्ट इतकी खोटी होती की ती आठवली की शेगडी बंद असतानाही माझे बूड तापते.

पहिल्यापासून सांगते. मध्येच सुरुवात केली तर तुम्ही म्हणाल, ही म्हातारी उगीच चिडते.

एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी लोहाराचे दुकान होते. तिथे मी जाड पत्र्याची नुसती चकती होते. लोहाराने मला लाल होईपर्यंत तापवले, खोलगट ठोकळ्यावर ठेवले आणि दुपार कलेपर्यंत ठोकले. शेवटी शेवटी त्याचा हात दमला असावा, कारण एका बाजूला घाव जास्त पडले आणि मी जराशी कलती झाले. त्याची बायको म्हणाली, ही कोणी घेणार नाही. लोहार म्हणाला, जिला तळण कळते ती हीच उचलेल, तेल एका अंगाला जमते, थोडक्यात भागते. त्या बोलण्याने मला पुढचे चार महिने दुकानात धीर दिला, कारण खरोखरच मला कोणी उचलत नव्हते.

मग एक दिवस दोघी बहिणी आल्या. मोठी वीस वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कानावर लावायच्या यंत्राने तिच्या केसांत कायमची एक घडी पडली होती. धाकटी नऊ वर्षांची. वडील आधीच गेले होते, आई नुकतीच गेली होती, आणि आईची भांडी नातेवाईकांनी "आठवण म्हणून" म्हणत आपापल्या घरी नेली होती. आठवण म्हणून डबे न्यावेत, परात न्यावी, पण अख्खी मांडणी रिकामी करावी? माझ्या रागाची सुरुवात बहुधा तिथूनच असेल.

धाकटी आई गेल्यापासून धड जेवत नव्हती. तिला एकच हवे होते, आई करायची तसे तळलेल्या केळ्यांचे काप. म्हणून मोठीने मला घेतले. तिला तळणातले काहीच कळत नव्हते. तिने माझे कललेले अंग पाहिलेसुद्धा नाही, समोर होते म्हणून उचलले.

पहिल्या दिवशी सगळा घोळ झाला. तिने कच्ची केळी तशीच सोलली, चीक हाताला लागला, हातावरून सुरीला, सुरीवरून मला. तेल नीट तापण्याआधीच काप सोडले. ते माझ्या तळाला चिकटले, अर्धे काळे झाले, अर्धे कच्चे राहिले, आणि सगळ्यांना लोखंडाचा वास. धाकटीने ते खाल्ले. म्हणाली, आईसारखे नाहीत, पण अजून दे.

मोठी भिंतीकडे तोंड करून रडली. दुसऱ्या दिवशी ती परत त्या लोहाराकडे गेली आणि त्याने सांगितले तसे तिने मला घासले, आतून तेल चोळले, धूर येईपर्यंत तापवले, पुन्हा चोळले, पुन्हा तापवले. आठ दिवस रोज. त्यानंतर तिच्या हातून माझ्या तळाला कधी काही चिकटले नाही. मित्रांनो, लोखंडाच्या भांड्याशी असे वागावे लागते.

पुढे तिचा हात बसला. भाजीची मोठी केळी ती आणायची, टणक आणि हिरवीगार. आधी तळहातांना तेल लावायची म्हणजे चीक धरत नाही. केळ्याची दोन्ही टोके उडवायची, सालीच्या कंगोऱ्यावर उभी चीर द्यायची आणि अंगठ्याने साल उचलायची. साल पूर्ण निघाली पाहिजे, हिरवा धागासुद्धा राहता कामा नये, यावर तिचा कटाक्ष असे. मग हळदमिठाच्या पाण्यात थोडा वेळ. मग फडक्यावर कोरडी करून तिरके, पातळ काप, इतके पातळ की उजेडात धरले तर मधल्या बियांचे ठिपके दिसावेत. एक काप तेलात टाकून बघायची. तो लगेच फुलून वर आला की मग मूठभर, एका वेळी मूठभरच. वरून तिखटमीठ.

आणि एक गोष्ट तुम्ही नीट ध्यानात ठेवा. तेल तापत असताना ती माझ्यासमोरून हलत नसे. दारावरची बेल वाजली तर आधी शेगडी बंद, मग दार. फोन वाजला तर आधी शेगडी बंद, मग फोन. एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवलेली बाई, वाजणारा फोन वाजत ठेवायची.

असे कितीतरी वर्षे चालले. धाकटी शिकली, मोठी झाली, दातांच्या दवाखान्यात नावे नोंदवायच्या टेबलावर बसू लागली, लग्न करून गेली. मोठीने लग्न केले नाही. कोणी विचारले तर म्हणायची, लाइन कायम बिझी होती. तिला त्या गावातले शेकडो नंबर पाठ होते, शाळांचे, वखारींचे, दवाखान्यांचे. केळी सोलता सोलता ती ते स्वतःशीच म्हणत बसे, जसे कोणी गाणे गुणगुणते.

एक्स्चेंज यंत्रावर गेले तशी तिची नोकरी संपली. तेव्हा धाकटी येऊन तिला आपल्याकडे घेऊन गेली. धाकटीची मुलगी चार वर्षांची होती आणि घरी बघायला कोणी नव्हते. भाचीसाठी ती मावशी झाली, मग इमारतीतल्या सगळ्यांसाठी मावशी झाली, म्हणून मीही तिला मावशीच म्हणते. तिने कपड्यांची एक पेटी आणि मला एवढेच सोबत नेले.

त्या घरात धाकटीचा नवरा होता. त्याला सगळे साहेब म्हणत. एका मोठ्या कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी होता. आग लागू नये म्हणून काय करावे, लागली तर काय करावे, हे तो कामगारांना शिकवत असे. लाल बादल्या, वाळू, आग विझवायचे सिलिंडर, सगळे त्याच्या ताब्यात. घरीसुद्धा तो पंख्याच्या वायरी तपासत फिरे. माणूस वाईट होता असे मी म्हणणार नाही. मावशीला ताई म्हणे, तिच्याशी अदबीने वागे, काप आवडीने खाई, कारखान्यातले पाहुणे आले की मला अभिमानाने उचलून दाखवी. दहा वर्षे माझे कौतुक झाले. घरात कढया अनेक आल्या, चकचकीत, हलक्या, काळ्या लेपाच्या. त्यांचे लेप निघाले आणि त्या गेल्या. मी राहिले.

मग तो रविवार आला.

दुपारी मावशीने काप तळले. सगळ्यांनी खाल्ले. तिने शेगडी बंद केली, वर बोट ठेवून खटका पाहिला, तेल निवायला मला तिथेच ठेवले आणि ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. धाकटी मुलीबरोबर कपाट आवरत होती. तीन केळी उरली होती.

साहेबाला अजून काप हवे होते. मावशीला उठवायचे नाही, हा त्याचा विचार चांगलाच होता. त्याने माझ्याखाली शेगडी पेटवली. केळी फळीवर ठेवली आणि सालासकट चिरली, अंगठ्याएवढे जाड गोल तुकडे. ते तसेच ओले तेलात सोडले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कारखान्यातून होता. तो बोलत बोलत गॅलरीत गेला आणि मागे त्याने दार ओढून घेतले.

मित्रांनो, तो काय बोलत होता हे मला दाराआडूनही ऐकू येत होते. कारखान्यात सुरक्षा सप्ताह यायचा होता. त्यात आगीवरचे व्याख्यान त्याने द्यायचे होते. तेच ठरत होते, सविस्तर, मुद्दा मुद्दा करून. इकडे माझ्यातले तुकडे आधी तपकिरी झाले, मग काळे, मग कोळसा. तेलातून पांढरा धूर निघाला, मग निळसर. मला आवाज असता तर मी किंचाळले असते. आवाज नाही, म्हणून तेल पेटेपर्यंत मी गप्प बसले.

साहेब धावत आला. ज्वाळा पाहिल्या. आणि ज्या माणसाने शेकडो कामगारांना शिकवले होते की पेटत्या तेलावर पाणी घालू नका, त्याने पिण्याच्या पाण्याचा जग उचलला आणि माझ्यात ओतला.

आग छतापर्यंत गेली. खिडकीचा पडदा पेटला. धाकटी साहेबाची किंकाळी ऐकून आत आली आणि तिने तो पडदा हाताने ओढून खाली पाडला. तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. खालच्या मजल्यावर एक शिंपीण राहते, तिचे दुकानही तिथेच. ती जिना चढून आली, एका हाताने तिने शेगडीचा खटका फिरवला आणि दुसऱ्या हाताने मोठ्या पातेल्याचे झाकण माझ्यावर दाबून धरले. आग गुदमरली. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले तिला.

लोक जमले. प्रत्येकजण विचारू लागला, कसे झाले, कसे झाले. कारखान्यातला एक सहकारी याच इमारतीत राहत होता, तोही आला. त्याला बघून साहेबाचा चेहरा बदलला. तो म्हणाला, ताईंकडून शेगडी चालू राहिली असणार.

असणार. पहिल्यांदा तो 'असणार' म्हणाला. संध्याकाळपर्यंत 'राहिली' झाले.

मावशी झोपेतून उठून दारात उभी होती. केस विस्कटलेले, चष्मा नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिले, भाजलेल्या बहिणीकडे पाहिले. "मी बंद केली होती," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "केली होती ना?"

त्या 'ना'चा मला जितका राग येतो तितका आगीचाही येत नाही. कारण तिला खात्री होती आणि चार लोकांसमोर एका वाक्याने ती काढून घेतली गेली.

दोन दिवसांनी धाकटीने मला घासायला घेतले. उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्या हाताने. काळा थर खरवडता खरवडता तिला ते तुकडे लागले. पाच उरले होते. तिने एक नखाने उचलून पाहिला. जाड, गोल, आणि कडेने कोळसा झालेली साल. ती तो तुकडा बोटांत धरून कितीतरी वेळ उभी राहिली. नळ वाहत होता. नऊ वर्षांची असल्यापासून ती मावशीच्या हातचे काप खात आली होती. हे कोणी चिरले असेल, हे तिला विचारावे लागले नाही.

तिने नवऱ्याला बोलावले. हलक्या आवाजात विचारले. त्याने आधी दार लोटून घेतले. मग म्हणाला, "झालं ते झालं. ताईंना कोण काय म्हणणार आहे? मला कारखान्यात तोंड दाखवायचंय."

धाकटीने ते पाच तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. वरून भाजीची देठे टाकली. ते मी पाहिले आहे, मित्रांनो. साहेब घाबरला होता, घाबरलेला माणूस खोटे बोलतो, हे मी एक वेळ समजू शकते. पण हिने शांतपणे, दोन दिवसांनी, डोळे उघडे ठेवून गप्प बसायचे ठरवले. आणि कोणासमोर? जिने तिच्यासाठी आयुष्यभर तेलाच्या झळा सोसल्या, तिच्यासमोर.

मला गॅलरीत ठेवले गेले. माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. ओल्या कपड्यांचे पाणी गळायचे आणि मला गंज चढायचा. गॅलरीतून स्वयंपाकघर सरळ दिसते, म्हणून पुढचे पाच महिने मी सगळे पाहत राहिले.

शेगडीच्या वर भिंतीला एक सूचना लागली. साहेबाने कारखान्यातून छापून आणली होती, वर प्लास्टिक, कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. 'ताईंनी शेगडीला हात लावू नये.' आपली चूक लपवायची तर निदान गुपचूप तरी लपवावी. हा माणूस ती प्लास्टिक चढवून भिंतीला चिकटवतो.

मावशी आधी हसून बोलायची त्या सूचनेबद्दल. मग हसणे बंद झाले. मग ती इतर गोष्टीही तपासू लागली. नळ बंद केला का, दोनदा. दाराची कडी, तीनदा. तिने एक वही केली आणि त्यात लिहू लागली, 'दिवा बंद केला. दार लावले. गोळी घेतली.' गॅलरीत माझ्या शेजारी स्टूल टाकून ती जुने नंबर म्हणायची. एक दिवस एका दवाखान्याचा नंबर तिला आठवेना. चाळीस वर्षांपूर्वीचा नंबर, तो दवाखाना आता असेल की नसेल. पण ती इतकी घाबरली की तिने माझ्यातल्या चिमट्यांची मूठ घट्ट आवळून धरली, जणू काही पडत होते.

धाकटी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर मावशीने शिंपिणीला गॅलरीत बसून सगळे सांगितले, म्हणून मला कळले. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. तिने ते बरोबर काढले. मग त्यांनी धाकटीला विचारले, घरी काही घडले आहे का. धाकटी म्हणाली, यांच्याकडून शेगडी चालू राहिली होती.

शिंपीण सरळ बोलणारी बाई आहे. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही मला तीन वर्षांपूर्वीच्या ब्लाउजचं माप तोंडपाठ सांगता. तुम्हाला काही झालेलं नाही."

मावशी म्हणाली, "मग तिचा हात कसा भाजला?"

शिंपिणीला उत्तर ठाऊक नव्हते. मला होते. माझे दोन्ही कान गंजून जड झाले होते आणि मी चिमटे सांभाळत बसले होते.

मग वृद्धाश्रमाचे बोलणे निघाले. साहेबाने माहितीपत्रक आणले. चोवीस तास नर्स, हिरवळ, तीन वेळा जेवण. धाकटीने ते उलटसुलट केले आणि म्हणाली, बघू. पण मावशी स्वतःच तयार झाली. म्हणाली, मी इथे राहिले तर पुढच्या वेळी मुलीचा हात भाजेल. पेटी भरली गेली. रविवारी सकाळी अकराला गाडी यायची होती.

त्या सकाळी भाची भाजीची केळी घेऊन आली. चौदा वर्षांची पोर, तिला यातले खरे काही माहीत नव्हते. तिने केळी ओट्यावर ठेवली आणि मावशीला म्हणाली की जायच्या आधी एकदा काप कर, मी बाजूला उभी राहते, शेगडी मी लावते. मावशी मागे सरली. जमिनीवर रेघ आखल्यासारखी ती ओट्यापासून चार हात दूर उभी राहिली आणि दोन्ही हात तिने पाठीमागे लपवले.

"मला नको सांगूस बाळा," ती म्हणाली. "या हातांनी तुझ्या आईचा हात जाळलाय."

धाकटी तिथेच होती, पोळ्यांची कणीक मळत. साहेब टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होता. कणकेतला धाकटीचा हात थांबला. त्या हातावर मनगटापासून वर गुलाबी, आक्रसलेली कातडी होती. ती वळली नाही. भिंतीकडे बघतच म्हणाली,

"ताई, शेगडी तू चालू ठेवली नव्हतीस. यांनी ठेवली होती."

साहेबाने वर्तमानपत्र खाली केले. "आता हा विषय कशाला?" तो म्हणाला. तो एवढेच म्हणाला. नाही म्हणाला नाही.

मावशीने पाठीमागचे हात पुढे घेतले. मला वाटले, ती रडेल. पण तिने एक्स्चेंजमध्ये बोलत असे त्या आवाजात विचारले, एकेक अक्षर स्वच्छ.

"तुला कधी कळलं?"

"दोन दिवसांनी. कढईत तुकडे होते. सालासकट."

"दोन दिवसांनी. आणि डॉक्टरांकडे कधी नेलंस मला?"

धाकटीने कणकेत पुन्हा मूठ घातली.

"तिसऱ्या महिन्यात," मावशी म्हणाली. "माझा हात धरून नेलंस. रस्ता ओलांडताना म्हणालीस, सांभाळून. मी रात्रंदिवस स्वतःला तपासत होते आणि तू पोळ्या लाटत होतीस."

धाकटी म्हणाली, तिला भीती वाटली होती, त्यांची नोकरी, लोक, आणि मग जितके दिवस गेले तितके सांगणे अवघड होत गेले. मावशी म्हणाली, ते तिला कळते. पण कळले म्हणून राग कमी होत नाही. तिने आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच त्या खोलीत कोणाला मान वर करवेना.

मग ती गॅलरीत आली. तिने मला उचलले आणि सगळे चिमटे फरशीवर ओतले. मोरीत बसून तिने जाड मिठाने आणि नारळाच्या काथ्याने मला घासले. गंजाचे लाल पाणी तिच्या पायांवरून वाहिले. भाची मदतीला आली, तिला तिने एक कान धरायला दिला. मला तेल चोळले, धूर येईपर्यंत तापवले. भिंतीवरची सूचना तिने सोलून काढली, प्लास्टिकसकट, आणि घडी करून ओट्यावर ठेवली.

"इकडे या," ती साहेबाला म्हणाली. तो आला. एवढा मोठा माणूस, शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

"कढईतलं तेल पेटलं तर काय करायचं?"

तो खाली बघत म्हणाला, "आच बंद करायची. झाकण ठेवायचं. पाणी घालायचं नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो. त्या क्षणी सुचलं नाही."

"त्या क्षणाचं मी काही म्हणत नाही. तो कोणावरही येतो," मावशी म्हणाली. "नंतरचे पाच महिने होते तुमच्याकडे."

 खाली गाडीचा भोंगा वाजला. मावशीने भाचीला सांगितले, जा, गाडीवाल्याला सांग, नको आहे. मग हाताला तेल लावले आणि केळी सोलायला घेतली. पहिल्या केळ्याला तिचे हात कापत होते. दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला मुळीच नाही. तिने एक काप तेलात सोडून पाहिला, तो फुलून वर आला, आणि मग मूठभर, मूठभर करत तिने सगळी केळी तळली. पाच महिन्यांनी माझ्या अंगात तेल उकळत होते. मित्रांनो, त्या वेळीही माझा राग गेला नव्हता. तळता तळता मी रागावलेलीच होते आणि मावशीही.

ताट तिने भाचीपुढे ठेवले. स्वतः एक काप खाल्ला नाही. तेल निवले, माझे अंग पुसले, आणि एका हातात पेटी आणि काखेत मला घेऊन ती जिना उतरली. दुकानाच्या मागे शिंपिणीची एक खोली रिकामी होती. दोघींनी फारसे बोलणेही केले नाही. शिंपिणीने तिथल्या कापडाच्या थप्प्या उचलल्या आणि खाट टाकली.

आता मी तिथे असते. मावशी दुकानात बटणे लावते, मापे लक्षात ठेवते, गिऱ्हाइकांचे फोन घेते. वही तिने कधीच फेकून दिली. शेगडी बंद केली की खटक्यावर एकदा बोट ठेवते, एकदाच, आणि झोपायला जाते.

धाकटी दर गुरुवारी दवाखान्यातून परस्पर येते. पहिल्या गुरुवारी ती दारातच उभी राहिली होती. मावशीने तिच्यापुढे केळी आणि सुरी सरकवली. तेव्हापासून ती येते आणि सोलते. सालीचा एक धागासुद्धा ठेवत नाही. दोघी थोडे बोलतात, भाचीच्या अभ्यासाचे, हाताच्या मलमाचे. मावशीने तिला माफ केले आहे का, मला माहीत नाही. मी केलेले नाही.

साहेब आला नाही. पण मागच्या आठवड्यात भाची सांगत होती की पुढे गेलेला सुरक्षा सप्ताह शेवटी झाला आणि बाबांनी त्यात पेटत्या तेलावर व्याख्यान दिले. खूप टाळ्या पडल्या. त्यांनी एक उदाहरणही दिले म्हणे. एका घरात केळी तळताना काय झाले, कोणी पाणी ओतले, कोणाचा हात भाजला, आणि चूक भलत्याच माणसावर कशी ढकलली गेली. सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

मावशीने सुई खाली ठेवली. "कोणाच्या घरात म्हणाले?" तिने विचारले.

"एका घरात," भाची म्हणाली.

मावशी पुन्हा बटण लावू लागली. दोरा तिने इतका करकचून ओढला की तुटला.

म्हणून मित्रांनो, मी तुम्हाला दोनच गोष्टी सांगते, आणि प्रेमाने सांगत नाही, रागाने सांगते. तेल तापत असेल तर त्याच्यासमोरून हलू नका. ते पेटलेच तर लहान असाल तर मोठ्यांना हाक मारून लांब व्हा, मोठे असाल तर आच बंद करा, झाकण घाला, पाण्याला हात लावू नका. आणि चूक तुमच्या हातून झाली असेल तर ती त्याच दिवशी सांगा, जिच्या माथी ती बसते आहे तिच्या डोळ्यांत बघून सांगा. सांगताना 'एका घरात' म्हणू नका.

'माझ्या घरात' म्हणा. 'मी' म्हणा.